राचोलची रोपवाटिका

गोमंतकात जाणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबाचा प्रवासक्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम कुलदैवताचे दर्शन. मग मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. पुढे जुन्या गोव्यातील भव्य ख्रिस्तमंदिरे, एक सायंकाळ समुद्रतीरी, आणि परततांना कोकम, काजू व फणसाची साठे. हा क्रम वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु फोंड्याहून मडगावाकडे जातांना बोरीच्या पुलावरून झुआरी नदी ओलांडली म्हणजे थोड्याच अंतरावर, राय गावाच्या बाजूस, नदीकाठच्या टेकाडावर एक प्रचंड वास्तू उभी आहे. तिच्याकडे आमच्या लोकांचे पाय सहसा वळत नाहीत. हे राचोल. कोंकणी बोलणारे लोक यास रायतूरही म्हणतात. येथील सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडविणाऱ्या विद्यालयात, गेल्या आषाढात आम्हांस दोन दिवस जाण्याचा योग आला. तेथे पाहिलेल्या वास्तूपेक्षा तेथे पाहिलेली मुलेच आमच्या मनात अधिक राहिली. त्यांची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

तथापि वास्तूचा इतिहास थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कारण राचोलचे नाव आपल्या लोकांच्या कानी दोन अगदी विरुद्ध कारणांनी यावयास हवे. येथे पूर्वी आदिलशाहीचा किल्ला होता. कृष्णदेवरायाच्या सैन्याने तो जिंकला, आणि १५२० मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. पुढे १५६७ मध्ये याच किल्ल्याच्या कप्तानाने, दियोगु रोद्रिगिश याने, साष्टी प्रांतातील देवळांचा विध्वंस केला. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते त्याच काळात नदी ओलांडून अंत्रुज महालात गेली. आज आपण ज्यांच्या दर्शनास फोंडा तालुक्यात जातो, ती खरी या अलीकडच्या तीराची. हे एक कारण झाले.

दुसरे कारण असे की, मराठी भाषेतील ‘क्रिस्तपुराण’ हा थोर ग्रंथ १६१६ मध्ये येथेच छापला गेला. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. तो १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. चाळीस वर्षांच्या वास्तव्यात त्याने आपली भाषा अशी आत्मसात केली की, सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण तो लिहू शकला. अक्षरे रोमी, भाषा मराठी, आणि छंद ज्ञानोबा-एकनाथांचा. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आम्ही वर्गात किती वर्षे शिकविल्या याची गणती नाही. ज्या गावाने देव घालविले त्याच गावाने ओवी जतन केली. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी मनात बाळगणे कठीण आहे; परंतु एकाच्या सोयीसाठी दुसरे विसरणे हे सुशिक्षितास शोभणारे नव्हे.

सध्याच्या इमारतीचा पाया १ नोव्हेंबर १६०६ रोजी घातला गेला आणि १६१० मध्ये काम पुरे झाले. ते जेझुइटांचे महाविद्यालय होते. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने जेझुइटांस हद्दपार केले, आणि १७६२ पासून तेथे गोव्याच्या धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली. मध्ये मोठा चौक, चौकाखाली पाण्याचे विस्तीर्ण टाके, सभोवार दुमजली पडव्या, भिंतींवर जुनी चित्रे, शेजारी संत इग्नेशियस याचे मंदिर, आणि पुराणग्रंथांचा संग्रह असलेले ग्रंथालय, असा हा वाडा आहे. कोंकणी-पोर्तुगीज कोश रचणारे आणि लिस्बनमध्ये संस्कृत शिकविणारे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद (१८५५-१९२२) याच वास्तूत शिकले. ज्यांस कॅथलिक लोक ‘पूज्य’ पदवीने स्मरतात ते फादर आग्नेल १९१८ पासून १९२७ साली देह ठेवीपर्यंत येथील विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते.

‘सेमिनरी’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. त्याचा अर्थ बी पेरण्याचा वाफा. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ठराव केला की, प्रत्येक बिशपाने भावी धर्मगुरूंसाठी असा वाफा राखावा. आपल्या कोंकणातील शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही तरव्याची जागा. भाताचे बी प्रथम दाट पेरतात, रोप वीतभर झाले म्हणजे ते उपटतात, आणि मग चिखलणी केलेल्या दुसऱ्या शेतात लावतात. आम्ही गेलो त्या आठवड्यात राचोलच्या आसपास लावणीच चालली होती. इरली पांघरून स्त्रिया वाकलेल्या दिसत होत्या. त्यामुळे हा शब्दार्थ आम्हांस पुस्तकात शोधावा लागला नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस तो मूर्तिमंत उभा होता.

आमचा एक जुना विद्यार्थी मडगावास नोकरीस आहे. त्याच्या ओळखीने एका वयोवृद्ध फादरांनी आम्हांस बोलाविले होते. आम्ही संस्कृत शिकलेले आणि ‘क्रिस्तपुराणा’चे वाचक, असे कळल्यावर त्यांनी काही विद्यार्थ्यांस आमच्याभोवती जमविले आणि हसत म्हणाले, “सर, आपण दगड पाहण्यास आलात, पण आमची माती पाहून जा.”

ही मुले तेथे कशी येतात ते प्रथम सांगू. बहुतेक जण आधी साळगाव-पिळर्णच्या धाकट्या सेमिनरीत काही वर्षे काढतात. ती १९५२ मध्ये स्थापन झाली. नंतर राचोलास तत्त्वज्ञान आणि त्यापुढे ईश्वरशास्त्र यांचा दीर्घ अभ्यास. एकूण दहा-अकरा वर्षे सहज जातात. शेवटी ब्रह्मचर्याचे आणि बिशपाच्या आज्ञेत राहण्याचे वचन दिल्यावर दीक्षा. प्रार्थना, अभ्यास, भोजन, खेळ, पुन्हा प्रार्थना, सारे घंटेवर. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी वेदपाठशाळेत दिवस काढले असतील, अथवा आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ मध्ये स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतील मुले पाहिली असतील, त्यांस हा दिनक्रम परका वाटणार नाही. देव निराळा, शेंडी-झगा निराळा. पण पहाटे डोळ्यांवर पाणी मारणाऱ्या पंधरा-वीस पोरांचा कंटाळा आणि उत्साह सर्वत्र सारखाच.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की एका झग्यातील मुले एका साच्याची असणार. पस्तीस वर्षे शाळेत घालविल्यामुळे आमचा असा भ्रम होणे शक्य नव्हते. एका गणवेशात चाळीस स्वभाव बसतात हे शिक्षकास शिकवावे लागत नाही. तरीही येथील गोष्ट शाळेहून निराळी आहे. शाळेतील मुलगा पाच वाजता घरी जातो आणि वर्गातील रुसवा आईच्या पदरात विसरतो. येथील मुलास रुसवा घेऊन त्याच पंगतीस बसावे लागते, त्याच मंदिरात शेजारी गुडघे टेकावे लागतात, आणि हे वर्षानुवर्षे. म्हणून येथील मैत्री खोल असते आणि कुरबुरही बारीक असते. एकत्र कुटुंबात नांदलेल्या वाचकांस याहून अधिक सांगणे नको.

आमच्याभोवती जमलेल्यांत चौघे आम्हांस विशेष लक्षात राहिले. त्यांची नावे-गावे आम्ही मुद्दामच सांगत नाही.

पहिला पंडित. वर्गात अव्वल, लॅटिन वचने जिभेवर, बोलणे इंग्रजी पुस्तकासारखे नीटस. कोणी चुकीचे बोलले की त्याच्या भुवया आधी हलत आणि ओठ नंतर. अशा मुलास सोबती अभ्यासासाठी शोधतात आणि खेळासाठी टाळतात. त्यास ते कळत होते, आणि कळूनही भुवया थांबत नव्हत्या.

दुसरा नियमनिष्ठ. घंटा वाजविण्याचे काम त्याच्याकडे. दुपारच्या प्रार्थनेच्या घंटेस आंजेलुस म्हणतात, म्हणून सोबत्यांनी त्याचे नावही आंजेलुस ठेवले होते. कोण उशिरा आला, कोणी मौनाच्या वेळी कुजबुज केली, हे त्यास दिसल्यावाचून राहत नसे. चुगली तो करीत नसे. परंतु त्याच्या दृष्टीतच चुगली असे, असे इतरांचे म्हणणे.

तिसरा विनोदी. समुद्रकाठच्या रापणकारांच्या घरातला. गिटार, नकला, फुटबॉल, सर्वांत पुढे. त्याने आमच्या पगडीविषयी काहीतरी पुटपुटल्याचे आम्ही ऐकले, आणि आमच्या डोक्यावर पगडी नव्हती! वर्गात दोन तट पडले की दोन्हीकडील मुले याच्याच खोलीत येऊन बसत. नियमनिष्ठाचे आणि याचे मात्र पहिल्या वर्षापासून जमत नसे.

चौथा मौनी. केप्याकडील डोंगरपट्ट्यातला, घरी शेती. कॉलेजात पाऊल टाकणारा घराण्यातील पहिला. इंग्रजीत तो अडखळे, म्हणून गप्प बसे. आणि गप्प बसे म्हणून इतर त्यास मंद समजत. बागेतील आळी मात्र त्याच्याच हातची होती, हे सांगावे लागले नाही. माती हात ओळखते.

अशा ठिकाणी मान कशाने मिळतो हे पाहणे उद्बोधक असते. वयाने ज्येष्ठ, अभ्यासाच्या वर्षाने ज्येष्ठ, वाचकपद, सेवकपद, शेवटी उपदीक्षित असा चढता क्रम आहे. तो उघड असतो. दुसरा क्रम उघड नसतो. शहरातील मुलगा खेड्यातल्यापेक्षा, इंग्रजी सफाईने बोलणारा अडखळणाऱ्यापेक्षा, व्हायोलिन येणारा न येणाऱ्यापेक्षा किंचित वर बसतो. कोणी त्यास बसवीत नाही, तो बसतो आणि इतर सरकतात. आमच्या शाळांतून याहून वेगळे काय चालते?

दुसऱ्या दिवशी दुपारी या अदृश्य पाटांची मांडणी आम्ही बदलतांना पाहिली. फादरांनी ‘क्रिस्तपुराणा’ची रोमी लिपीतील आवृत्ती आणविली आणि मुलांनी आम्हांस काही ओव्या वाचून दाखवाव्या असे ठरले. पंडिताने प्रथम वाचले. अक्षरे अचूक, उच्चार स्वच्छ. परंतु ओवी उभी राहिना. गद्य वाचावे तसे तो वाचीत होता. आम्ही साडेतीन चरणांचा मेळ समजावून सांगितला, मात्रांचे बंधन कसे सैल असते ते सांगितले, तरी काम जमेना. तेव्हा मागून कोणी मौन्यास पुढे ढकलले. बहुधा विनोदीच असावा. मौन्याने पुस्तक हातात घेतले, एकदा ओठांत पुटपुटला, आणि मग एकाएकी संथ, लांब सुरात गाऊ लागला. त्याच्या गावी लग्नाच्या आधी बायका ओव्या म्हणतात. ती चाल आजीच्या मांडीवर त्याच्या कानी पडली होती. चारशे वर्षांपूर्वीचा शब्द त्या चालीत असा जाऊन बसला, जसा पाय स्वतःच्या वहाणेत बसतो.

पडवीत पावसाचा आवाज तेवढा राहिला. पंडिताच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. ओवी संपल्यावर तोच प्रथम बोलला आणि बोलला ते कोंकणीत. “परत म्हण,” एवढेच. त्या दोन शब्दांसाठी त्यास किती पायऱ्या उतराव्या लागल्या असतील, हे ज्याने पहिला नंबर सांभाळला आहे त्यासच कळेल. पुढील अर्धा तास मौनी शिकवीत होता आणि पंडित शिकत होता. दोघांसही त्यात संकोच वाटला नाही, ही त्यांच्या गुरूंची कमाई.

नंतर फादरांजवळ बसलो असता आम्ही त्यांस एक अवघड प्रश्न विचारला. धर्म बदलला तरी जात बदलली नाही, हे गोमंतकात सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती समाजातही बामण, चारडो, सुदीर हे भेद राहिले. गतशतकांत दीक्षेचा दरवाजाही वरच्या दोन जातींसाठी रुंद आणि इतरांसाठी अरुंद होता. आणि या एतद्देशीय धर्मगुरूंस वरची पदे गोऱ्यांमुळे मिळेनात. त्या असंतोषातूनच १७८७ चा पिंटोंचा कट उद्भवला, त्यात कित्येक पाद्री सामील होते. आम्ही विचारले, “आता काय आहे?”

फादर क्षणभर नदीकडे पाहत राहिले. म्हणाले, “दरवाजा आता सर्वांस उघडा आहे. आज ओवी म्हटली त्या मुलाच्या आजोबांस हा दरवाजा सहज उघडला नसता. परंतु सर, दरवाजा उघडणे एका दिवसाचे काम. आत आलेल्यास ‘हे माझेच घर’ असे वाटणे हे दोन पिढ्यांचे. मुले एका पंगतीस जेवतात, एका चेंडूमागे धावतात. तरी सुटीत घरी गेली की कोणाच्या सोयरिकीच्या गोष्टी ऐकून परत येतात, आणि येतांना थोडी धूळ पायास लागून येते. ती आम्ही येथे पुन्हा धुतो.”

यावर आम्ही काही बोललो नाही. आपल्या पाठशाळांतून पंगती कशा मांडल्या जात होत्या, हे या मासिकाच्या ज्येष्ठ वाचकांस ठाऊक आहे. दुसऱ्याच्या अंगणातील केर मोजणाऱ्याने आपल्या ओसरीवर एक दृष्टी टाकावी, इतकेच.

मैत्रीविषयीही फादरांनी एक मौजेची गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी दोघांच्या अति सख्याकडे गुरुजन शंकेने पाहत. फिरावयास जाणे तर दोघांनी नव्हे, तिघांनी. हेतू हा की पुढे ज्यास साऱ्या गावाचे व्हावयाचे आहे त्याने एकाचेच होऊन राहू नये. “हेतू चांगला होता,” ते म्हणाले, “पण त्यातून काही जण असे निघाले की साऱ्या गावाचे झाले आणि कोणाचेच झाले नाहीत. म्हातारपणी एकट्याने जेवतांना मित्र आठवावा तर एकही नाही. आता आम्ही मुलांस सांगतो, मित्र करा; फक्त दार आतून लावून घेऊ नका.”

त्याच सायंकाळी आम्हांस कळले की विनोदी मुलगा सेमिनरी सोडून जाणार आहे. त्याने स्वतःच सांगितले, पडवीच्या कठड्यावर बसून, पाय हालवीत. वर्षभर विचार केला, मार्गदर्शकांशी बोलला, प्रार्थना केली; आणि आपला मार्ग संसाराचा आहे असे त्यास निश्चित वाटले. कोणी घालविले नव्हते, कोणी अडविलेही नव्हते. “मला भीती आईची आहे, सर,” तो म्हणाला. “गावात ती ‘पाद्रीची आई’ झालीच आहे. मी धाकट्या सेमिनरीत गेलो त्या दिवसापासून लोक तिला तसे मान देतात. आता मासळीबाजारात ती काय सांगेल?” नकला करणाऱ्या त्या तोंडावर त्या वेळी एकही नक्कल नव्हती.

मुलाच्या व्रताचा मान आईच्या कपाळी कसा चढतो आणि मग तो उतरविणे किती कठीण असते, हे आपल्या घरांतही पाहावयास मिळते. मुलगा घनपाठी होणार, मुलगा डॉक्टर होणार, मुलगा परदेशी जाणार, असे एकदा चार घरी सांगून झाले म्हणजे त्या मुलास मागे वळण्याची वाटच उरत नाही. त्यास मार्ग चुकल्याचे दुःख कमी आणि आईचे तोंड पाहण्याचे दुःख अधिक. कित्येक जण केवळ एवढ्यासाठी नको असलेले आयुष्य शेवटपर्यंत ओढतात. हा मुलगा ओढणार नव्हता, आणि त्यास धैर्य लागते. राहणाऱ्यास लागते तितकेच, कदाचित रतिभर अधिक.

आश्चर्य पुढेच आहे. तो जाणार हे ऐकून सर्वांत अधिक कोण हलला म्हणाल, तर आंजेलुस. ज्याच्याशी त्याचे सहा वर्षांत एक दिवस पटले नाही, त्याच्यासाठी तो घंटेच्या दोरीजवळ डोळे पुसतांना आम्ही पाहिला. आणि त्या सायंकाळची घंटा दोन-तीन मिनिटे उशिरा झाली. कोणीही त्याकडे लक्ष वेधले नाही. भांडण हेही एक नाते आहे. ज्याच्या बेशिस्तीवर आपली शिस्त घासून लख्ख होते, तो गेला म्हणजे शिस्तीस गंज चढतो की काय असे भय वाटते. नंतर आंजेलुस मित्राजवळ जाऊन म्हणाला, “तुझ्या आईस भेटायला मी येतो. मी झगा घालून येईन. मग बाजारात कोणी काही बोलणार नाही.” नियमनिष्ठेचा असाही एक उपयोग असतो हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर तेथे मौन असते, म्हणून आम्ही त्यापूर्वी निरोप घेतला. फादर दारापर्यंत आले. आम्ही विचारले, “इतकी वर्षे वाढविलेले रोप असे गेले की आपणांस वाईट वाटत नाही?” त्यांनी अंधारातल्या शेतांकडे हात केला. म्हणाले, “सर, आपण येतांना लावणी पाहिलीत ना? वाफ्यात कोणतेच रोप राहण्यासाठी पेरीत नाहीत. कोणी या शेतात लागेल, कोणी त्या. वाफ्याने एवढेच पाहावे की मूळ धरले आहे की नाही. त्या मुलाचे धरले आहे. तो चांगला नवरा होईल, चांगला बाप होईल. आणि आमच्या भोजनगृहात काही दिवस फार शांतता होईल. देव बरें करूं.”

आमच्या वाचकांपैकी जे कुलदैवताच्या दर्शनास गोमंतकात जातील, त्यांनी परततांना अर्धा दिवस राचोलसाठी अवश्य राखावा. आधी विचारून जावे, कारण ते प्रेक्षणीय स्थळ नसून नांदते विद्यालय आहे. अभ्यासाच्या वेळी पडवीत मोठ्याने बोलू नये. चित्रे पाहावी, चौकाखालील टाके पाहावे, ज्या नदीतून आपले देव पलीकडे गेले तिच्याकडेही पाहावे. आणि एखादा मुलगा बागेत आळी करीत असेल तर त्यास ओवीची चाल विचारावी. प्रथम तो लाजेल, इंग्रजीत काही अडखळत सांगू पाहील. आपण मराठीत बोलावे, म्हणजे तो कोंकणीत गाईल.